आगोट आणि दुकानदाराचा हिशेब

दुकानातील मालसाठ्याचा वार्षिक खर्च किती, हा प्रश्न वरवर पाहता रूक्ष वाटतो. माणगावसारख्या कोकणातील बाजारपेठेच्या संदर्भात मात्र त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो पावसाशी बांधलेला आहे.

या भागातील व्यापार प्राचीन आहे. माणगावच्या पश्चिमेस, राजपुरीच्या खाडीजवळ असलेल्या कुडा लेण्यांतील शिलालेखांत दाते म्हणून श्रेष्ठी, सार्थवाह आणि लोखंडाचा व्यापारी यांचे उल्लेख आढळतात. माल खाडीतून आणि घाटवाटांनी येई. पण मृगाच्या सुमारास समुद्र खवळला, की गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत जलमार्ग बंद राही. म्हणून घरोघरी आगोटीची बेगमी होई. मीठ, मिरची, गूळ, डाळी, सुकी मासळी यांची घराने केलेली ती तरतूद. दुकानदाराच्या लेखी तोच चार महिन्यांचा अडकलेला पैसा.

हा पैसा जुन्या हिशेबात कसा दिसे? कीर्द-खतावणी दिवाळीस बंद होई आणि बलिप्रतिपदेस नवी वही उघडे. आरंभीच्या शिल्लक मालात वर्षाची खरेदी मिळवावी, त्यातून अखेरचा माल वजा करावा, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत निघते. हे सूत्र बिनचूक आहे. इटलीतील लुका पाचोली याच्या १४९४ च्या ग्रंथातही जमाखर्चाचा आरंभ मालमत्तेच्या यादीनेच होतो. परंतु या सूत्राने माल मोजला जातो. तो किती काळ पडून राहिला, हे मोजले जात नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका दुकानात आठ महिने सरासरी २०,००० रुपयांचा माल असतो आणि पावसाच्या चार महिन्यांत ५०,००० रुपयांचा. वर्षाची सरासरी ३०,००० रुपये होते. शेकडा १२ व्याजाने तिचा भार ३,६०० रुपये. दिवाळीच्या दिवशीची २०,००० रुपयांची शिल्लकच धरली, तर व्याज २,४०० रुपये दिसते. उरलेले १,२०० रुपये वहीत कोठेच दिसत नाहीत. भांडवल घरचे आहे म्हणून व्याज नाही, ही समजूत आम्हांस घातक वाटते. शिवाय वखारीचे भाडे आहे. पाझरणारे मीठ, पाघळणारा गूळ, काळवंडलेली मिरची आणि डाळीतील पोरकिडे आहेत. ही सारी घट किमतीत धरली नाही, तर दुकानदार नफा समजून मूळ भांडवलच खात राहतो. भात निघेपर्यंत दिलेली उधारी हा आणखी निराळा भार.

१९१३ मध्ये फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने एका वेळी किती माल मागवावा याचे गणित मांडले. मागवण्याचा खर्च आणि साठवण्याचा खर्च यांचा त्यात मेळ घातला आहे. त्याच्या सूत्रानुसार विक्री चौपट झाली, तरी एका खेपेचा माल दुपटीनेच वाढवावा लागतो. पण माल केव्हाही मागवता येतो, हे त्यात गृहीत आहे. आमच्या पूर्वजांना ती मुभा नव्हती.

ती पुढे मिळाली. मुंबई-गोवा रस्त्याने ट्रक येऊ लागले, १९९३ मध्ये कोकण रेल्वे माणगावात पोहोचली आणि आगोटीचा साठा आखडला. आयकरासाठी १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. दिवाळीची मोजणी पावसाची नासाडी उरकल्यावर होई. मार्चची मोजणी आगोट भरण्यापूर्वीच होते. दोन्ही दिवशी वखार तुलनेने रिकामीच असते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की कायद्यासाठी मोजणी मार्चमध्ये करावीच, पण स्वतःसाठी मेअखेर आणि सप्टेंबरअखेरही करावी.

जुलै २०२१ मध्ये शेजारच्या महाडात पूर आला आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी भिजलेला माल किती होता, हे सांगायला ताजी मोजणीच लागते. आणि ती वही दुकानात न ठेवता उंचावरच्या घरी ठेवलेली बरी.