संग्रहालयातील डायनासोर प्रतिकृती : जबलपूरच्या लेव्हिसुकसचा धडा

संग्रहालयात एखाद्या लहान शिकारी डायनासोरचा सांगाडा पाहाल, तेव्हा प्रथम एक प्रश्न विचारा : यातले प्रत्यक्ष सापडलेले किती आणि भर घातलेले किती? या प्राण्यांची हाडे पोकळ व नाजूक असल्याने पूर्ण सांगाडा क्वचितच मिळतो. म्हणून प्रदर्शनात बहुधा प्रतिकृतीच असते.

ती घडवताना मूळ हाडावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतात, त्यात रेझिन ओततात आणि तयार तुकडे पोलादी आधारावर जोडतात. आता हाड स्कॅन करून त्रिमितीय छपाईही करता येते. जे हाड सापडलेच नाही, ते मात्र जवळच्या नातलग प्राण्यावरून घडवावे लागते.

जबलपूरचे उदाहरण घ्या. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी तेथील बडा सिमला टेकडीवर उत्खनन केले. तेव्हा जबलपूर, रायपूर आणि नागपूर ही तिन्ही शहरे मध्य प्रांतात होती. टेकडीच्या लामेटा थरात अनेक प्राण्यांची हाडे एकमेकांत मिसळलेली होती. त्यांतील मोजक्या छोट्या मणक्यांवरून फ्रीडरिश फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ मध्ये ‘लेव्हिसुकस इंडिकस’ ही जात नोंदवली. पुढे त्यांतले काही मणके संशोधकांना बराच काळ सापडत नव्हते.

मग याचा सांगाडा उभारायचा कसा? आधार मिळतो मादागास्करमधून. तेथील ‘मासियाकासॉरस’ हा त्याच कुळातला, सुमारे दोन मीटर लांबीचा शिकारी. त्याचे वर्णन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पर्यंत त्याच्या सांगाड्याचा सुमारे ६५ टक्के भाग माहीत झाला होता. भारत व मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी विलग झाले, त्यामुळे हे साम्य समजण्यासारखे आहे. तरीही लेव्हिसुकसचा पूर्ण सांगाडा म्हणजे मणके जबलपूरचे आणि बाकी देह अनुमानाचा.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. अनुमानाचा भाग वेगळ्या रंगात दाखवणारी आणि फलकावर तसे लिहिणारी प्रतिकृती प्रामाणिक समजावी. आणि साचा वेळीच घ्यावा : मूळ हाड हरवले, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती तेवढाच पुरावा उरतो.