तान्ह्या बाळाला ताप आणि अंगावर पुरळ : केव्हा थांबावे, केव्हा धावावे?

ठाणे, प्रतिनिधी -

२०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला आणि त्यात बालके दगावली. तेव्हापासून बाळाच्या अंगावर पुरळ दिसताच पालकांच्या मनात पहिली शंका गोवराची येते. मात्र प्रत्येक पुरळ म्हणजे गोवर नव्हे.

पुरळ कसे ओळखावे?

गोवरात आधी तीन-चार दिवस तीव्र ताप, खोकला, सर्दी व लाल डोळे ही लक्षणे दिसतात. त्यानंतर कानामागून व चेहऱ्यावरून सुरू झालेले लालसर पुरळ खाली पसरते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत रुग्णापासून संसर्ग होतो. ताप उतरताच पुरळ उठले व बाळ खेळकर असेल, तर तो बहुधा 'रोझिओला' हा सौम्य विषाणूजन्य आजार असतो. पाण्याने भरलेले, खाजरे फोड कांजिण्यांचे, तर तोंडात, तळहात व तळपायांवर येणारे फोड 'हॅण्ड, फूट अँड माऊथ'चे असतात. पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचाही विचार करावा लागतो.

तातडीने रुग्णालयात केव्हा न्यावे?

- बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असून ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असल्यास
- काचेचा पेला दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे डाग असल्यास
- धाप, झटके, सततची गुंगी, दूध न ओढणे, वारंवार उलट्या किंवा लघवी कमी होणे
- पाच दिवसांहून अधिक ताप, लाल डोळे आणि लाल, भेगाळलेले ओठ (हा कावासाकी आजार असू शकतो, उपचारास उशीर झाल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होते)

घरी काय करावे?

स्तनपान चालू ठेवावे, सुती सैल कपडे घालावेत. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच द्यावे. अॅस्पिरिन देऊ नये. 'गोवर बाहेर पडू द्यावा' म्हणून औषध टाळणे धोक्याचे आहे. गोवराच्या रुग्णाला 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठच्या दोन दिवशी दिल्या जातात. त्या डॉक्टरांकडूनच घ्याव्यात. गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणून दवाखान्यात पोहोचताच पुरळाची कल्पना द्यावी, बाळाला गर्दीत बसवू नये.

लस हाच उपाय

राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, तर दुसरा १६ ते २४ महिन्यांत मोफत मिळतो. दोन्ही डोस पूर्ण झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना संरक्षण मिळते. नऊ महिन्यांखालील बाळांना नियमित लस मिळत नाही; त्यांची भिस्त आजूबाजूच्या मुलांच्या लसीकरणावरच असते. एखाद्याचा चुकलेला डोस शेजारच्या तान्ह्याला महाग पडू शकतो.

कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही या परिसरातील महापालिकांची रुग्णालये आहेत. पालकांनी बाळाचे लसीकरण कार्ड सोबत ठेवावे.