खेळात घड्याळ कधी शिरलं?

संगणकावरचा खेळ म्हटला की बंदूक नाहीतर मोटार, असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय त्यांना हा मागोवा अळणी वाटेल. मी ज्या खेळांबद्दल बोलतोय त्यांत फार तर एखादं अस्वल कोंबडीच्या मागे लागतं. बाकी सगळं काम. रस्ता दुरुस्त करा, लाकूड आणा, घरं बांधा, गिऱ्हाइकाला वेळेत जेवण द्या, विहिरीतून पाणी काढून गवताला घाला. वर कोपऱ्यात घड्याळ पळत असतं आणि ते संपायच्या आत सगळं उरकायचं. हे खेळ टाइम मॅनेजमेंट या नावाने विकले जातात. आमच्या पिंपळनेरसारख्या गावात निम्मी माणसं दिवसभर हेच करून दमलेली असतात. तिथे संध्याकाळी कोणी पडद्यावर पुन्हा शेतीच करत बसावं, हे घरच्यांना काही पटत नाही. मला मात्र वर्षानुवर्षं हेच खेळ आवडत आलेत. खटकतं ते घड्याळ. ते यांत कुठून आलं आणि कोणाच्या सोयीसाठी आलं, याचा शोध घेत मागे गेलं की थेट १९६४ साल लागतं.

त्या साली न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर भागात मेबल ॲडिस नावाच्या शिक्षिकेने आयबीएमच्या माणसांना हाताशी धरून शाळकरी मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ रचला. मूल टंकयंत्रासमोर बसायचं आणि प्राचीन लगश नगराचा राजा व्हायचं. यंत्र कागदावर छापून सांगायचं की यंदा इतकं धान्य आलं, इतकी माणसं आहेत. मग राजाने ठरवायचं: खायला किती, पेरायला किती, कोठारात किती. पडदा नाही, चित्र हलत नाही. संगणकाच्या खेळाला कथा आणि आकार देणाऱ्या पहिल्या व्यक्तींमध्ये ही प्राथमिक शाळेची बाई होती, हे गेमिंगवर तावातावाने बोलणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

याच कल्पनेवरून १९६८ मध्ये डग डायमेंट याने एक छोटा खेळ लिहिला. पुढे डेव्हिड आलने तो बेसिक भाषेत आणला आणि १९७३ च्या आपल्या पुस्तकात ‘हमुराबी’ म्हणून छापला. त्याचे आकडे बघण्यासारखे आहेत. सुरुवातीला तुमच्याकडे १०० माणसं, १००० एकर जमीन आणि कोठारात २८०० बुशेल धान्य. माणशी वर्षाला २० बुशेल लागतात, म्हणजे २००० पोटात गेले. एकराला अर्धा बुशेल बी. जवळजवळ सगळी जमीन पेरली तर आणखी ५००. उरले ३००. त्यात उंदीर येऊन किती खातील ते सांगता येत नाही. एखाद्या वर्षी साथ येते आणि निम्मी वस्ती जाते. अशी दहा वर्षं राज्य करून दाखवायचं. मी हा खेळ फार उशिरा, हौस म्हणून खेळलो. पहिल्याच वर्षी जमीन विकत घ्यायचा मोह होतो, आणि तिसऱ्या वर्षी माणसं उपाशी मरतात.

या दोन्ही खेळांत घड्याळ नाही. तुम्ही आकडा टंकेपर्यंत यंत्र निमूट थांबतं. विचार करायला तास लावा, दोन तास लावा. काळ पुढे सरकतो तो हंगामाने, तुमचा निर्णय झाल्यावर.

असले हिशेब आमच्या भागाला नवे नाहीत. पांझरा नदी पिंपळनेरला येते तेव्हा ती डोंगरातून नुकती उतरलेली असते. पुढे साक्री, धुळे करत ती मुडावदला तापीला मिळते. या नदीवर ओळीने बंधारे आहेत आणि त्यांवर चालणारी फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि त्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एका वेळी एकच पीक. यंदा ज्या फडात ऊस आहे तिथे नंतर दुसरं पीक येणार आणि ऊस पुढच्या फडात सरकणार. कुठे काय लावायचं ते पंच ठरवतात. जमीन कोणाचीही असो, पिकाला पाणी द्यायला मालकाने जायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रात्रंदिवस पाणी फिरवत नेतो. हवालदार सगळ्यावर देखरेख ठेवतो, जागल्या उभ्या पिकाची राखण करतो आणि यांची मजुरी पूर्वी धान्यातच दिली जायची. हंगामाआधी कालव्यातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाऊस कमी झाला तर एखादा फड त्या वर्षी पाण्यावाचून राहतो. पण बहुतेक घरांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने नुकसान एकट्याच्या अंगावर पडत नाही.

खेळ रचणाऱ्याच्या नजरेने याकडे बघा. साधनं ठरलेली, कामकरी ठरलेले, क्रम ठरलेला, आणि चूक झाली तर वर्ष फुकट. ‘हमुराबी’त राजा एकटा असतो, इथे पंच असतात, एवढाच फरक. विहिरी आणि विजेचे पंप आले, ज्याचं पाणी त्याच्या हातात आलं, आणि अनेक ठिकाणी फड मोडले. काही अजून चालू आहेत. फडातही पाण्याची वेळ काटेकोर असते, पण ती सगळ्यांनी मिळून आधी ठरवलेली असते. कोणी कोणाच्या मागे धावत नाही.

धावपळ आली ती नाणं टाकून खेळायच्या यंत्रांतून. १९८२ चा ‘बर्गरटाइम’ आणि १९८३ चा ‘टॅपर’ हे त्यातले ठळक. ‘टॅपर’मध्ये तुम्ही दारूच्या गुत्त्यावरचे वाढपी. चार लांब फळ्या, प्रत्येकीवरून गिऱ्हाईक तुमच्याकडे सरकतंय. भरलेला पेला त्याच्याकडे ढकलायचा, रिकामा परत येईल तो पडायच्या आत झेलायचा. हा खेळ गंमतीचा आहे, मी नाकारत नाही. पण त्याचा वेग कोणासाठी होता? यंत्राच्या मालकासाठी. एक माणूस एका नाण्यात तासभर खेळत बसला तर धंदा बसला. म्हणून खेळ दर मिनिटाला कठीण होत जाणार आणि तुम्हाला हरवून बाजूला करणार.

घरच्या संगणकावर ही अडचण नव्हती, कारण पैसे एकदाच मोजलेले. विल राइटने १९८९ मध्ये ‘सिमसिटी’ आणला. त्यात हवं तेव्हा काळ थांबवता येतो. जपानमध्ये यासुहिरो वादाने १९९६ मध्ये ‘हार्वेस्ट मून’ या नावाने पुढे जगभर गेलेली शेती बनवली. तिथे दिवस भराभर मावळतो, अंगातली ताकद संपते, आणि उरलेलं काम उद्यावर टाकावं लागतं. हे खेळ थोर आहेत, त्यांच्यावर भरपूर लिहिलंही गेलंय, म्हणून मी इथे थांबत नाही.

माझ्या आवडत्या शाखेची खरी सुरुवात २००४ च्या सुमारास झाली. न्यूयॉर्कच्या गेमलॅबने ‘डायनर डॅश’ केला आणि प्लेफर्स्टने तो बाजारात आणला. फ्लो नावाची बाई ऑफिसातल्या नोकरीला कंटाळून ती सोडते आणि खानावळ सुरू करते. गिऱ्हाइकांना बसवा, ऑर्डर घ्या, ताट पोचवा, पैसे घ्या, टेबल साफ करा. प्रत्येकाच्या डोक्यावर बदामाची चित्रं असतात. उशीर झाला की एकेक बदाम कमी होतो आणि शेवटी माणूस उठून चालता होतो. म्हणजे ‘टॅपर’चं घड्याळ इथे गिऱ्हाइकाच्या कपाळावर आलं. या खेळातली खरी अक्कल मात्र दुसरीकडे आहे. एकच प्रकारचं काम लागोपाठ केलं की गुण वाढत जातात: आधी तिन्ही टेबलांच्या ऑर्डरी घ्या, मग तिन्ही ताटं न्या, मग तिघांचे पैसे. जो एका गिऱ्हाइकाचं अथपासून इतिपर्यंत उरकून मग दुसऱ्याकडे वळतो, तो प्रामाणिक असूनही मागे पडतो. घाईच्या वेळी खानावळीत नवख्या पोऱ्याला मालक हेच तर ओरडून सांगत असतो.

हे खेळ विकत घेणाऱ्यांत प्रौढ बायका मोठ्या संख्येने होत्या. एक तास फुकट खेळून बघा, आवडलं तर पैसे भरा, असा सरळ व्यवहार. मग अशा खेळांची रीघ लागली, आणि गंमत म्हणजे त्यांतले कितीतरी रशियातून आले. नोवोसिबिर्स्कच्या अलावारने २००७ मध्ये ‘फार्म फ्रेंझी’ आणला. सेंट पीटर्सबर्गच्या नेवोसॉफ्टचा ‘माय किंगडम फॉर द प्रिन्सेस’ २००९ चा, वोलोग्दाच्या प्लेरिक्सचा ‘रॉयल एन्व्हॉय’ २०१० चा.

‘फार्म फ्रेंझी’ माझ्या हाताला बसलेला खेळ. मोकळ्या जागेवर टिचकी मारली की पाणी पडतं, गवत उगवतं. कोंबडी ते खाऊन अंडं घालते. अंडं कोठारात टाका, तिथून कारखान्यात भुकटी, भुकटीचा पुढे केक. टेम्पो बाजाराला पाठवा. तो जाऊन येईपर्यंत पैसा नाही. विहीर आटली की भरायला पैसे लागतात, आणि नेमके तेव्हाच खिशात नसतात. तेवढ्यात वरून अस्वल. त्याच्यावर टिचक्यांवर टिचक्या मारून पिंजऱ्यात कोंडायचं आणि तेही विकायचं! नवशिका कोंबड्या वाढवत सुटतो. गवत किती कोंबड्यांना पुरेल हे आधी मोजणारा सोनेरी पदक नेतो.

आमच्याकडे हे खेळ पोचले ते सीडींवरून आणि पेनड्राइव्हवरून. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यात निघाले होते. तिथे धडा संपला की पोरं सॉलिटेअर आणि माइनस्वीपर उघडायची, आणि कोणीतरी हळूच दुसरं काही टाकून ठेवलेलं असायचं. ती वर्षं भारनियमनाची. वीज गेली की यूपीएस कुईकुई करायला लागायचा आणि त्याच्या जिवावर जेमतेम एक डाव पुरा व्हायचा. तीन-चार मिनिटांचा डाव, संपला की आपोआप नोंदलेला. लांबलचक युद्धाच्या खेळांपेक्षा हे आमच्या विजेला परवडायचं. खेळातलं घड्याळ तेव्हा बाहेरच्या घड्याळापेक्षा दयाळू वाटायचं.

मग जून २००९ मध्ये झिंगाचा ‘फार्मव्हिल’ फेसबुकवर आला आणि घड्याळ खेळातून निघून घरात शिरलं. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांनी तयार. खरे चार तास. वेळेवर काढली नाही तर वाळून जाणार. वर्षभरात महिन्याला आठ कोटींवर माणसं तिथे येत होती. शहरातले लोक रात्री गजर लावून नसलेलं पीक काढायला उठत होते, आणि वर्तमानपत्रं ते कौतुकाने छापत होती. आमच्या शिवारात शेतीपंपाला थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची. थंडीत बांधावर बॅटरी हातात घेऊन उभ्या माणसाला विचारा, ‘काय करी ऱ्हायना रे भो?’ तो सांगेल, ‘पानी भरी ऱ्हायनू.’ त्याला कोणी गुण देत नाही, आणि बिबट्याचं भय वेगळंच. रात्री उठण्याला खेळ म्हणणं मला तेव्हाही जड गेलं, आजही जातं.

खरा घात पुढचा. २०१२ मध्ये सुपरसेलने ‘हे डे’ आणि ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आणले. ‘हे डे’त पीक वाळत नाही, एवढी माया दाखवली, पण थांबायचं नसेल तर हिरे खर्चा, आणि हिरे संपले की रुपये भरा. आधी वाट बघायला लावायची आणि मग ती टाळायची किंमत घ्यायची. २०१६ मध्ये जिओ आलं, फोन हातोहात झाले, आणि खेळ म्हणजे हेच असं समजणारी एक पिढीच तयार झाली. पाटकऱ्याने कालव्याचं दार अडवून पाळीचे पैसे मागितले असते तर पंचांनी त्याला दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.

फ्लॅशचं तंत्र बंद पडलं तेव्हा ३१ डिसेंबर २०२० रोजी मूळचा ‘फार्मव्हिल’ही मिटला. लोकांनी पैसे घालून वाढवलेली शेतं एका रात्रीत गेली. ‘हमुराबी’ आजही कोणत्याही भंगार संगणकावर चालतो.

मधल्या काळात जुन्या वळणाच्या खेळांनी एक शहाणपणा केला: बऱ्याच जणांनी घड्याळ बंद करायची सोय दिली. काही जुने खेळाडू याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. घड्याळ काढलं तरी गवत किती आणि कोंबड्या किती हा प्रश्न उरतोच, आणि ज्या खेळात तो उरत नाही त्या खेळात मुळात काही नव्हतंच.

कोणाला नव्याने सुरुवात करायची असेल तर ‘फार्म फ्रेंझी’चा पहिला भाग घ्या, नाहीतर ‘रॉयल एन्व्हॉय’. दोन्ही जुन्या संगणकावर चालतात, डाव मांडायला इंटरनेट लागत नाही. पहिल्यांदा पदकाच्या मागे लागू नका. कुठे खोळंबा होतो ते बघा, दुसऱ्यांदा वेळ आपोआप सुटतो. आणि जो खेळ पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या हातावर फुकटचे हिरे ठेवतो, तो त्याच मिनिटाला फोनमधून काढून टाका.