खराटा आधी, कीर्तन नंतर

डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हल्ली गोष्ट सांगायलाही शिकवतात. खुर्ची करता येते, ॲप करता येतं. पण ते कुणासाठी, कशासाठी, हे सांगायला उभं राहिलं की पोरं अडखळतात. यावरचा एक धडा आपल्या वऱ्हाडातच आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म 1876, शेंडगाव, अमरावती जिल्हा. लहानपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे. मामाची जमीन सावकारी कर्जात गेली, ते या पोरानं डोळ्यांनी पाहिलं. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं.

आता त्यांची रीत बघा. गावात आले की आधी खराटा. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, असा माणूस रस्ते झाडतोय म्हटल्यावर लोक विचारणारच, हा कोण? गोष्ट तिथंच सुरू झालेली असायची. रात्री कीर्तन. पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त मांडणी नाही. सरळ वऱ्हाडी बोली आणि प्रश्नांमागून प्रश्न. कर्ज काढून सण का करता? नवसाला बकरं का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? उत्तर लोकांनीच द्यायचं, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. ते ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पुढच्याच महिन्यात, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला ते गेले.

मी वर्गात एक खेळ घेतो. आपलं काम पाच मिनिटांत मांडायचं, पण एकही विधान न करता, फक्त प्रश्न विचारून. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. कारण नेमका प्रश्न विचारायचा तर समोरच्याच्या घरात काय शिजतं, कर्ज किती, पाणी कुठून येतं, हे ठाऊक असावं लागतं. बाबांना ते ठाऊक होतं. मामाच्या घरात त्यांनी ते भोगलं होतं.

आणि कीर्तन संपल्यावर काय उरायचं? लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांतलीच; ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी बांधलेली. म्हणून विद्यार्थ्यांना मी शेवटी एवढंच विचारतो: तुमची गोष्ट ऐकून माणूस घरी गेला, की दुसऱ्या दिवशी तो वेगळं काय करील?