पनवेलचा कल आणि खंडाळ्याचे देवगांडूळ

मुंबईहून मचव्याने पनवेलच्या बंदरात उतरावे आणि बोरघाट चढून देशावर जावे, हा क्रम एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग घाट ओलांडीपर्यंत रूढ होता. व्यापाराच्या इतिहासात या वाटेची नोंद भरपूर झाली आहे. प्रस्तुत लेखात याच वाटेच्या दोन टोकांना आढळणाऱ्या एका फार जुन्या संबंधाचा विचार करावयाचा आहे. त्याचा एक पुरावा खडकात आहे, दुसरा जिवंत आहे.

प्रथम खडकाचा पुरावा. खंडाळ्याच्या परिसरात काळ्या दगडाचे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलकडे येताच तेच थर पश्चिमेस समुद्राच्या बाजूला कललेले आढळतात. ऑडेन यांनी १९४९ साली या कलाची चर्चा केली, आणि भूविज्ञानात तो पनवेलच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या घडणीविषयी मतभेद आहेत. तथापि ६ कोटी ३० लाख वर्षांच्या सुमारास सेशेल्सचा भूखंड भारतापासून विलग झाला, त्या घटनेशी त्याचा संबंध जोडला जातो.

दुसरा पुरावा खंडाळ्याच्या मातीत आहे. टेलर यांनी १९६० साली तेथील एका पादहीन उभयचराचे 'इंडोटायफ्लस बॅटर्सबाय' असे नामकरण केले. 'टायफ्लस' म्हणजे आंधळा. मराठीत या गटास देवगांडूळ म्हणतात. शेतकरी त्यास गांडूळ समजतो, क्वचित वाळा समजून मारतोही. वस्तुतः तो बेडकाचा आप्त आहे. त्यास पाठीचा कणा असून जबड्यात दात असतात, आणि डोळा व नाकपुडी यांच्या दरम्यान गंधज्ञानास उपयोगी पडणारी एक लहान स्पर्शिका असते. या गटाचे अत्यंत जुने जीवाश्म अमेरिकेतील अॅरिझोनात मिळाले असून त्यांपैकी २०२३ साली वर्णिलेला सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डार्विनने १८५९ साली रूढ केलेली 'जिवंत जीवाश्म' ही संज्ञा मोहक खरी, पण दिशाभूल करणारी आहे. प्राचीन असतो तो वंश. आज दिसणारी जाती नव्हे. खंडाळ्याची जाती २२ कोटी वर्षे जशीच्या तशी टिकली असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. जुन्या वंशाचे ते हयात घराणे आहे, एवढेच म्हणता येईल.

या घराण्याचे जवळचे आप्त मात्र विचारात पाडतात. इंडोटायफ्लस व त्याचा भारतीय सोयरा गेगेनोफिस यांचे निकटचे नाते सेशेल्स बेटांवरील देवगांडुळांशी आहे. खाऱ्या पाण्यात उभयचर सहसा जगत नाहीत. म्हणून पनवेलचे थर कलते करणाऱ्या त्याच विभाजनाने या कुलाच्याही दोन शाखा केल्या असाव्यात, हा तर्क स्वाभाविक ठरतो. गिनीच्या आखातातील साओ टोमे या ज्वालामुखी बेटावरही देवगांडूळ आहे, ही अडचण लपवून ठेवण्याचे कारण नाही. समुद्रपर्यटन अशक्य नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

खरा पेच निराळाच आहे. दख्खनचा लाव्हा मुख्यत्वे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या सुमारास वाहिला आणि त्याने आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. म्हणजे खंडाळ्याचा डोंगर या वंशापेक्षा कितीतरी लहान! उकळत्या दगडाखाली मातीत राहणारा प्राणी तगणे शक्य नव्हते. तो बाहेरून, दगड झिजून माती झाल्यावर, परत आला असला पाहिजे. माझ्या मते तो दक्षिणेकडून आला. केरळ व कर्नाटकातील लाव्हाबाह्य प्रदेशात गेगेनोफिसच्या अनेक जाती आहेत. २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले व सिंधुदुर्गातील आंबोली येथूनही दोन जाती वर्णिल्या गेल्या. इंडोटायफ्लसची दुसरी जाती २००४ साली कोयनेच्या परिसरातील हुंबर्ली येथून प्रसिद्ध झाली. आंबोली, कोयना, खंडाळा ही ठिकाणे नकाशावर क्रमाने मांडली की वाट उत्तरेकडे सरकताना दिसते. अर्थात जातींचे आजचे वास्तव्य म्हणजे प्रवासाची रोजनिशी नव्हे.

खाडीपलीकडे वरळीच्या टेकडीत लाव्हाथरांमधील गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन केले, आणि नोबल यांनी १९३० साली त्यांस 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव दिले. त्या बेडकाची अस्थिपंजरे संग्रहालयांत आहेत, पण तो स्वतः नाही. देवगांडूळ मात्र पावसाळ्यात घाटातील दगड उचलला किंवा कुजलेला पालापाचोळा बाजूस केला, तर आजही हाती लागते.