पद्मिनीचा रेडिएटर: तांबं जाऊन अ‍ॅल्युमिनियम येताना

मंडळी, चांदीपहून मुंबईला निघालात की वर्सोवा पुलाजवळची कोंडी काय असते, ते आम्ही सांगायला नको. तिथं एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी अडकली, तर मालकाचं लक्ष रस्त्यापेक्षा तापमानाच्या काट्यावर जास्त. म्हणूनच हल्ली हे मालक विचारतात, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवू का?

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्यात बनलेली गाडी. मूळची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी. रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला. आता बघा, तांबं उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सरसच. मग जगानं ते सोडलं का? एक तर वजन आणि किंमत. दुसरं म्हणजे सांधे. डागाचा शिसं-कथील मिश्रधातू उष्णता कमी नेतो, शिवाय तो मऊ. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि भट्टीत पत्र्याशी एकजीव होतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर हलक्या गाड्यांची निकड वाढली, आणि युरोपातल्या कारखान्यांनी हा धातू जवळ केला.

आपल्याकडे तांबं टिकलं ते दुरुस्तीमुळे, असं आम्हाला वाटतं. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्या जुन्या मंडळींना आठवतील. गळती लागली तर जवळच्या गावातला रेडिएटरवाला तासाभरात डाग देई. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो, त्यावर साधा डाग धरतच नाही. फुटला की बहुधा नवाच घ्यायचा! ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, म्हणजे त्या कारागिराचं हक्काचं गिऱ्हाईकही गेलं.

तर बसवावा का? रोज चालवायची गाडी असेल तर जरूर. पण कोंडीत गाडी तापते ती मुख्यतः हवेअभावी. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, की पंखाही मंद. नुसता धातू बदलून हे सुटत नाही. आधी इंजिनातला गंज धुवा, पंख्याभोवती आडोसा आहे का पाहा, हवा तर विजेचा पंखा लावा. आणि खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी त्यात अजिबात ओतू नका. तांब्यालाही ते वाईटच, पण अ‍ॅल्युमिनियमची नळी आतून पोखरून निघते. कूलंटच हवं.

काढलेला जुना रेडिएटर मात्र भंगारात घालू नका. मोडीत तांब्याला भाव चांगला मिळतो, मोह होतो, ठाऊक आहे. तरी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणायची झाली, तर तो दुसरीकडे मिळणं कठीण आहे.