सुरतेच्या दोन स्वाऱ्या आणि कालक्रमाचा प्रश्न

सतराव्या शतकातील सुरत हे मोगल साम्राज्याचे संपन्न बंदर होते, तसेच ते अनेक कालगणनांचेही नगर होते. मोगल दफ्तरात हिजरी सन, गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांत विक्रम संवत, डच वखारीत ग्रेगरी पंचांग, तर इंग्रज वखारीत जुने ज्युलियन पंचांग चाले. मराठी कागदांत शालिवाहन शक येई. त्यामुळे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील स्वाऱ्यांचा इतिहास मांडताना प्रथम तारखांचीच उकल करावी लागते.

पहिल्या स्वारीत महाराज सुरतेस येऊन ठेपले तो बुधवार होता. इंग्रजांच्या हिशेबी ती ६ जानेवारी होती, डचांच्या हिशेबी १६ जानेवारी. याहून मोठी अडचण सालाची आहे. इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होत असे. म्हणून आपण ज्याला जानेवारी १६६४ म्हणतो, त्या महिन्यातील पत्रावर १६६३ हे साल पडे. हा संकेत ठाऊक नसलेला अभ्यासक ते पत्र वर्षभर आधी ठेवील आणि एप्रिल १६६३ मधील लाल महालावरील छाप्यापूर्वीच सुरत लुटली गेली, असा विपरीत क्रम लावील. शायिस्ताखानाच्या तीन वर्षांच्या स्वारीने मुलुख उजाड झाला, त्याची भरपाई सुरतेतून केली गेली, हा कार्यकारणभावच मग ढासळतो. येथे शालिवाहन शक साहाय्यास येतो. छापा शके १५८५ च्या चैत्रातला, स्वारी त्याच शकाच्या पौषातली. क्रमाविषयी संशय उरत नाही.

दुसरी स्वारी ज्युलियन गणनेने ३ ते ५ ऑक्टोबर १६७० या दिवसांतील. पंचांगगणिताने हे दिवस ऐन दिवाळीचे ठरतात. गुजरातचे वर्ष कार्तिकात पालटत असल्याने याच तीन दिवसांत संवत १७२६ सरून १७२७ लागला. शालिवाहन शक मात्र १५९२ हाच राहिला. एका स्वारीला एका गणनेत दोन वर्षे आणि दुसरीत एकच! केवळ संवताचा आकडा पाहणारा तिच्या दोन स्वाऱ्या करून बसला, तर नवल नाही.

बखरकारांचा भर कथेवर असतो. तिथी-मितींचा काटेकोरपणा तेथे क्वचितच आढळतो. म्हणूनच लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीचे मोल मोठे. तिच्यातील त्रोटक नोंदी मितीवार असल्याने इतर साधने तिच्याशी ताडून पाहता येतात. कोणते आधी आणि कोणते नंतर, हे निश्चित झाल्यावाचून कशामुळे काय घडले, हे सांगता येत नाही. ग्रंथालयात बखरीच्या शेजारी शकावली आणि जंत्री ठेवणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.